वेदियाची जिन

सातुर्निनो वेदिया मरून चाळीस वर्षं उलटली, पण ब्यूनोस आयर्समध्ये त्याच्या बसण्या-उठण्याच्या जागा अजून वाढतच आहेत. जिवंत माणसाला एका वेळी एकाच खुर्चीत बसता येतं. मेल्यावर ती अडचण राहत नाही. त्यामुळे शहरात असा एक बार दाखवा की जिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर वेदिया पीत बसला नव्हता. आहे असा एखादा, पण त्याचा मालक नवा आहे, त्याला थोडा वेळ द्यायला हवा.

वेदिया टँगो गायचा. घोगऱ्या आवाजात, जरा मागे रेंगाळत गायचा. त्याच्या कुठल्याही गाण्यात दुसऱ्या कडव्यापर्यंत कुणीतरी कुणालातरी सोडून जायचं आणि तिसऱ्या कडव्यात मागे राहिलेला माणूस जिन मागवायचा. गाण्यातला तो माणूस म्हणजे खुद्द वेदियाच, याबद्दल शहरात दुमत नव्हतं. तो पंचेचाळिशीत पोटात व्रण फुटून गेला तेव्हा लोकांनी हळहळत मान डोलावली. एवढी जिन, एवढ्या बायका, दुसरं काय होणार.

त्याच्या नावानं एक मित्रमंडळ होतं. मंडळातल्या एकाही मित्रानं त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मंडळात मतभेद नव्हते. दर जुलैत, ऐन थंडीत, पुण्यतिथीला मंडळी त्याच्या जागांची फेरी काढत. फेरीचा नियम साधा होता. प्रत्येक ठिकाणी वेदिया जे प्यायचा तेच प्यायचं, पहिला थेंब उंबऱ्यावर मृतात्म्यासाठी, बाकीचा आपल्या पोटात. वेदिया सगळीकडे जिनच प्यायचा, तेव्हा निवडीचा त्रास नव्हता.

त्या वर्षी या फेरीत देल्मिरा इरिगोइतिया सामील झाली. ती भक्त नव्हती, अर्जदार होती.

बार्राकास वस्तीत देल्मिराचं छोटं कॅफे होतं. तिच्या बापाच्या वेळी ते दूधघर होतं. डोन अन्सेल्मो इरिगोइतिया, जातीचा बास्क, म्हणजे या शहरात बहुधा दूधवाला आणि हट्टी, पांढऱ्या टाइल्सच्या त्या खोलीत संगमरवरी टेबलांवर दूध, दही आणि व्हॅनिलाची मऊ बिस्किटं द्यायचा. आता देल्मिरा आणि तिचा नवरा नाझारेनो तिथं कॉफी विकत. टाइल्स त्याच होत्या, टेबलंही तीच. बदलला होता तो इमारतीचा मालक. नव्या मालकाला तिथं बारा मजले हवे होते, आणि वसंत ऋतू लागायच्या आत जागा रिकामी करा असं त्यानं फार गोड शब्दांत कळवलं होतं.

नगरपालिकेचा एक नियम होता. गाजलेल्या गायकाची बैठक म्हणून एखाद्या जागेवर पितळी पाटी लागली, की ती जागा पाडता येत नाही. पाटी कुठं लावायची हे नगरपालिका मंडळाला विचारून ठरवायची, कारण मेलेल्यांचं खातं तिच्याकडे नव्हतं.

देल्मिराकडे दाखवायला एक गोष्ट होती, आणि ती शहरातल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर लटकत होती. वेदियाचा तो प्रसिद्ध फोटो. टोपी तिरकी, नजर खाली, पुढ्यात जिनची भाजक्या मातीची तपकिरी बाटली आणि एक मग. मागं पांढऱ्या टाइल्स, त्यातल्या एकीचा कोपरा उडालेला. हा कुठला बार, हे मंडळाला वर्षानुवर्षं सापडलं नव्हतं, कारण ते बारमध्ये शोधत होते. कोपरा उडालेली ती टाइल देल्मिराच्या गल्ल्यामागं होती.

आता यात अडचण कुठं आली, तर ती बाटलीत आली.

बाटलीत जिन नव्हती, दूध होतं. देल्मिरा सात वर्षांची असल्यापासून हे जाणून होती, कारण ते दूध तीच नेऊन द्यायची. वेदियाचं पोट पहिल्यापासून नाजूक. संध्याकाळी तो येई, गरम दूध पिई आणि नऊला घरी जाऊन झोपे. पण गाण्यातला माणूस दूध पितो हे कळलं तर उद्या गाणं कोण ऐकेल? म्हणून त्यानं स्वतःच जिनची रिकामी बाटली आणून दिली आणि अन्सेल्मोकडून शब्द घेतला. अन्सेल्मोनं तो दिला. मग कुण्या छायाचित्रकारानं खिडकीतून फोटो काढला, तो मासिकात छापून आला आणि गल्लीतल्या आयांनी टाइल्स ओळखल्या. दुधाच्या आडून दारू विकतो, असा बोभाटा झाला. पाद्रीबाबांनी रविवारी नाव न घेता त्याचंच नाव घेतलं. पोरांची दुधाची गिऱ्हाइकी गेली. अन्सेल्मोला एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं, ते वाक्य त्यानं उच्चारलं नाही. वेदिया मेल्यावरही नाही. अन्सेल्मो गेला तेव्हा म्हाताऱ्या बायका अंत्ययात्रेकडे बघून म्हणाल्या, ‘जिनवाला गवळी चालला.’

फेरीच्या आदल्या दिवशी नाझारेनो खरी जिन घेऊन आला आणि फळीवरची ती जुनी मातीची बाटली खाली काढून भरू लागला.

“म्हातारे, असं बघू नकोस,” तो म्हणाला. म्हातारे ही त्याची लाडाची हाक होती. “त्यांना जिन हवीय, आपण जिन देऊ. चाळीस वर्षांनी कोण हुंगायला येणार आहे?”

“बाबांचं काय?”

“सासरेबुवांना मी फार मानतो. पण त्यांची जागा पक्की झालीय, तिथून त्यांना कुणी उठवत नाही. आपली तशी नाही.”

तिनं होकार दिला, आणि होकार दिल्यावर माणूस जसा घासलेलीच भांडी पुन्हा घासतो तशी रात्री घासत बसली.

फेरी चाकारिताच्या कब्रस्तानातून सुरू झाली. तिथं वेदियाचा ब्रॉन्झचा पुतळा आहे. त्याचा उजवा हात पेला धरल्यासारखा वळलेला आहे आणि भक्तमंडळी त्यात खराखुरा पेला बसवून जिननं भरतात. त्या भागातल्या चिमण्या किंचित वाकड्या उडतात.

मंडळाचे अध्यक्ष डोन बाल्दोमेरो तोसेल्ली यांनी पेला भरला. पोस्टातून निवृत्त झालेला उंच, वाळका, काळ्या सुटातला माणूस. बरोबर आठ-दहा समवयस्क आणि नगरपालिकेचे सेन्योर स्कालीसे. हे तरुण होते, त्यांच्या गळ्यात कॅमेरा आणि खिशात मोजपट्टी होती, आणि हे काम त्यांच्याकडे नवीनच आलं होतं. पिणं हा सरकारी कामाचाच भाग आहे अशा समजुतीनं ते प्रत्येक ठिकाणी पेला तळापर्यंत रिकामा करत होते.

“अर्जदारानं सबंध फेरी चालायची असते, डोन्या देल्मिरा,” बाल्दोमेरो म्हणाले. “वेदिया कळायचा तर पायांतून कळतो.”

“आणि पोटातून,” मागून कुणीतरी म्हणालं.

“पोटाचा विषय काढू नकोस रे,” आणखी कुणी म्हणालं. “सकाळी गोळी विसरलोय.”

पहिला थांबा घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासमोरचा बार. इथं वेदिया एका घोडीवर सगळं हरला होता. ती घोडी नंतर एका गाण्यात बाई होऊन आली, असं बाल्दोमेरोंनी सांगितलं. उंबऱ्यावर थेंब पडला, पेले रिकामे झाले. देल्मिराच्या एक गोष्ट नजरेत आली. बाकीचे थेंब ओतत होते, बाल्दोमेरो मात्र मृतात्म्याला फार उदार हातानं देत होते. त्यांच्या पेल्यात स्वतःसाठी ओठ भिजण्यापुरतंच उरलं. मग त्यांनी खिशातून एक पांढरी गोळी काढून चघळली.

“पेपरमिंट,” तिच्या नजरेला उत्तर म्हणून ते म्हणाले.

दुसरा थांबा आबास्तोच्या जुन्या बाजारामागचा बार. इथं पाटी कधीच लागली होती. ‘ती सोडून गेली त्या रात्री वेदियानं येथे अख्खी बाटली संपवली.’ मालक क्रिसान्तो ऐंशीच्या पुढचा होता. त्यानं पेले मांडले, बाटली किती मोठी होती ते दोन्ही हातांनी दाखवलं, डोळे टिपले आणि बर्फ आणायला म्हणून आत गेला. थंडीत बर्फ कुणी मागितला नव्हता. त्यानं दारातून देल्मिराला खूण केली.

“तू अन्सेल्मोची ना, पोरी?”

“हो.”

“तुझ्याकडे काय प्यायचा तो?”

देल्मिरानं दारातून बाहेर मंडळींकडे बघितलं.

“माझ्याकडे सोडा प्यायचा,” क्रिसान्तो म्हणाला. “लिंबू पिळून. ढेकर आली की ‘आई गं’ म्हणायचा. अख्खी बाटली संपवली हे खरंय. सोड्याची.”

“मग पाटीवर—”

“मी सोडाच सांगितलं होतं. मंडळानं दोन वर्षं विचार केला. मग मी जिन म्हणालो, पुढच्या महिन्यात पाटी आली.” त्यानं खांदे उडवले. “आधी जिवाला लागलं. मग गिऱ्हाईक वाढलं आणि बरं वाटायला लागलं. तूही जिनच सांग.”

“तुम्हाला कुणी लबाड म्हटलं का पण, त्याच्यामुळे?”

“मला? बारवाल्याला?” क्रिसान्तोला प्रश्नच कळला नाही. “बारवाला जिन विकतो, बाई. त्यात लबाडी कसली?”

ती बाहेर आली. स्कालीसे पाटीचा फोटो काढत होते आणि पाटी त्यांना जरा हलत असल्यासारखी दिसत होती.

तिसरा थांबा बोएदोच्या नाक्यावरचं कॅफे. मंडळी आता भिंतीच्या आधारानं इतिहास सांगू लागली होती. एकानं कोट काढून पोटावर दाबून धरला होता. बाल्दोमेरोंनी आतल्या खिशातून तो फोटो काढला, उंच धरला आणि टेबलावर टिचकी मारून सगळ्यांना गप्प केलं.

“मित्रहो, आज आपण हे टेबल बघणार. आणि याचं श्रेय एका माणसाला आहे.” ते देल्मिराकडे वळून अदबीनं किंचित झुकले. “डोन्या देल्मिरा, तुमचे वडील. काय बेरकी गडी असला पाहिजे. पुढच्या दारानं पोरांना दूध, मागच्या दारानं वेदियाला जिन. वर चेहरा संताचा. अशा लबाडांवर हे शहर उभं आहे. मंडळाच्या वतीनं हा पेला लबाड गवळ्यासाठी.”

“लबाड गवळ्यासाठी,” मंडळी म्हणाली.

ते मनापासून बोलले होते, अगदी प्रेमानं. त्या टेबलाभोवती याहून मोठी पदवी कुणाला ठाऊक नव्हती. सगळे पेले वर गेले आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले, कारण शुभेच्छेचा पेला नाकारणं या शहरात अंत्ययात्रेत शीळ घालण्यासारखं आहे. देल्मिरानं पेला उचलला. बापाच्या लबाडीसाठी उचललेला पेला तिनं ओठांना लावला आणि खाली ठेवला.

तिथून मंडळी बसमध्ये चढली. बस दक्षिणेकडे बार्राकासच्या दिशेनं निघाली, तशी खडबडीत रस्त्यावर एकेक चेहरा हिरवट होत गेला. गाणं म्हणायची प्रथा होती, या वर्षी कुणी सुरू केलं नाही. बाल्दोमेरो खिडकीला टेकून डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा एक हात जाकिटाच्या आत, पोटावर होता. देल्मिरा त्या हाताकडे बघत राहिली. वेदिया अगदी तसाच बसायचा.

कॅफेच्या दारात नाझारेनो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. स्कालीसे आत शिरले, भिंत धरतच गल्ल्यामागं गेले आणि उडालेला कोपरा बोटानं चाचपून म्हणाले, “आहे.” मग त्यांनी मोजपट्टी काढली, पण आकडे वाचायचा आग्रह धरला नाही.

बाल्दोमेरो टेबलापाशी आले. फोटोतलं टेबल, फोटोतली खुर्ची. खुर्ची त्यांनी रिकामी सोडली आणि समोरच्या खुर्चीत बसले. टेबलाच्या मधोमध नाझारेनोनं ती तपकिरी बाटली पुसून ठेवली होती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“हीच?”

“हीच,” देल्मिरा म्हणाली. “ओततेच, पण जरा गरम करून आणते.”

ती बाटली उचलून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग नाझारेनो.

“जिन कुणी गरम करतं का?”

“ही गरमच देतात.” देल्मिरानं बाटली मोरीत उपडी केली. जिन गळत राहिली.

“म्हातारे,” नाझारेनो हळूच म्हणाला, “आपलं कॅफे चाललंय ना त्या मोरीतून.”

“चाललंय खरं.” तिनं पातेलं चढवलं. “बाबांनी शब्द दिला होता, तो मी मोडणार नाही. दूध होतं असं मी कुणाला सांगणार नाही. पण जिन होती असंही सांगणार नाही.”

“मग काय सांगणार?”

“वाढणार.”

नाझारेनोनं कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. कॅफेत येण्याआधी बस चालवण्यात आयुष्य गेलं होतं त्याचं. वळण आपल्या हातात नसेल तेव्हा पॅसेंजरला धरून बसायला सांगावं, एवढं त्याला कळत होतं.

दूध तापलं. वर साय धरली. वेदिया नेहमी साय चमच्यानं बाजूला काढायचा, घशात अडकते आणि वरचा सूर चिरकतो म्हणून. मग ती बिस्किटावर पसरून, वर साखर भुरभुरवून शेजारी उभ्या असलेल्या पोरीला द्यायचा. देल्मिरानं दूध बाटलीत ओतलं, साय राहू दिली.

बाहेर येऊन तिनं सगळ्यांचे मग भरले. मातीच्या बाटलीतून पांढरी धार पडली, वाफ उठली. अध्यक्षांच्या आधी प्यायचं नाही आणि अध्यक्षांच्या आधी बोलायचं नाही, असा मंडळाचा रिवाज होता आणि त्या दिवशी तो सगळ्यांना फार सोयीचा वाटला.

बाल्दोमेरो आपला मग घेऊन उठले. उंबऱ्यापाशी गेले, वाकले आणि मृतात्म्यासाठी ओतलं. या वेळी एकच थेंब. काळ्या दगडावर तो पांढरा ठिपका सगळ्यांना दिसला. शेजारच्या मांजरीलाही दिसला, ती आली आणि मृतात्म्याचा वाटा चाटून गेली.

“डोन्या देल्मिरा,” तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “हे काय आहे?”

“माझ्या बापानं शब्द दिला होता, डोन बाल्दोमेरो. त्यापायी पोरांची दुधं गेली, नाव गेलं, पण त्यानं तोंड उघडलं नाही. मीही उघडणार नाही. या बाटलीतून वेदिया जे प्यायचा ते मी ओतलंय. तुम्ही प्या आणि काय ते तुम्हीच ठरवा.”

बाल्दोमेरोंनी फोटो काढला. फोटोतल्या मगाकडे बघितलं, हातातल्या मगाकडे बघितलं. त्यांचं अर्धं आयुष्य त्या बाटलीवर उभं होतं. तिच्यापायी त्यांनी स्वतः जिन धरली होती, तिच्यापायी त्यांच्या खिशात त्या पांढऱ्या गोळ्या आल्या होत्या. ‘हे वेदियाचं टेबल नव्हे’ एवढं म्हणाले असते तर पाटी गेली असती, कॅफे गेलं असतं आणि वेदिया शाबूत राहिला असता.

ते प्यायले. सावकाश, हातातला मग खाली न ठेवता. पोटावर गेलेला दुसरा हात हळूहळू सुटला. मिशीवर पांढरी रेघ उमटली, ती त्यांनी पुसली नाही.

“जिन आहे,” ते म्हणाले.

खुर्च्या एकदम हलल्या. मंडळींनी आपापले मग तोंडाला लावले.

“जिनच,” एक जण म्हणाला.

“जरा कोवळी आहे,” दुसरा.

“जुन्या काळची. अशी हल्ली कुणी काढत नाही.”

“पण हे तर—” स्कालीसे म्हणाले.

“सेन्योर स्कालीसे,” बाल्दोमेरो म्हणाले, “तुम्ही टाइल्स बघा.”

स्कालीसेंनी टाइल्स बघितल्या. मग त्यांनीही आपला मग पुढं केला. दुसऱ्यांदा भरून झाल्यावर नाझारेनोनं बिस्किटं मांडली आणि म्हातारे ती जिनमध्ये बुडवून खाऊ लागले.

“पाटीवर काय लिहिणार?” देल्मिरानं विचारलं.

“नेहमीचं. वेदिया इथं बसत असे. आणि जिन—” बाल्दोमेरो थांबले. जिन सगळ्याच पाट्यांवर होती. ते पुन्हा उठले, उंबऱ्यापाशी गेले आणि आणखी एक थेंब ओतला. “हा डोन अन्सेल्मोसाठी. दुपारी बोएदोला माझ्या तोंडून एक शब्द गेला. तो मी परत घेतो. आम्हीही परत घेतो,” असं म्हणून त्यांनी मंडळाकडे बघितलं. मंडळाच्या तोंडात बिस्किटं होती, त्यांनी मानेनं परत घेतला.

पाटी सप्टेंबरात लागली. ‘सातुर्निनो वेदियाचं टेबल. यजमान डोन अन्सेल्मो इरिगोइतिया, दूधवाले.’ ज्या पाटीवर काहीच प्यायलं जात नाही अशी शहरातली ती एकमेव पाटी असावी. बारा मजले मागच्या गल्लीत गेले, तिथं कुणी गात नसे. समोरच्या घरातली नव्वदीची डोन्या एऊलोहिया, जिनं त्या काळी सगळ्यात आधी टाइल्स ओळखल्या होत्या, काठी टेकत आली आणि नाकाला चष्मा लावून पाटी दोनदा वाचली.

“जिनचं काही लिहिलेलं नाही गं.”

“नाही.”

“मग आम्ही काय चाळीस वर्षं—”

“बसा,” देल्मिरा म्हणाली. “दूध देऊ का?”

डोन्या एऊलोहिया बसली. काठी टेबलाला टेकवली आणि “दे” म्हणाली.

हल्ली मंडळाची फेरी लवकर आटोपते. आधीच्या थांब्यांवर मृतात्म्याला पेलाभर मिळतं आणि मंडळी घाईनं बार्राकासची बस धरतात. तिथं देल्मिरा मातीची बाटली घेऊन येते, प्रत्येकाचा मग भरते आणि अध्यक्ष पहिल्या घोटानंतर दरवर्षी जाहीर करतात की जिन आहे. त्या जिनवर साय येते, याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. उलट ती कुणाच्या वाट्याला यावी यावरूनच मंडळात पहिल्यांदा मतभेद झाले आहेत.